यॉर्कटाउन ओढणारी म्हातारी टग : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये झालेल्या अमेरिका-जपानच्या मिडवेच्या लढाईवरचा लेख होता. त्यात एक ओळ अशी होती : जून १९४२ मध्ये जायबंदी झालेल्या ‘यॉर्कटाउन’ या अमेरिकन विमानवाहू नौकेला ‘व्हिरिओ’ नावाची जुनी टग, म्हणजे दुसरी जहाजं ओढणारी लहान, दणकट बोट, ओढून नेत होती. लढाई राहिली बाजूला, पत्रं आली ती या ओळीवर; आणि तीही जिथून समुद्र एका रात्रीच्या एसटीवर आहे अशा गावांतून. त्यांतल्या काही प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

आमचा पन्नास एचपीचा ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या रानातून काढताना रडकुंडीला येतो. मग १४०० एचपीच्या टगनं वीस हजार टनांचं जहाज ओढलं, हे कसं मानायचं? — एक ऊस उत्पादक, औसा

ओढलं, पण किती वेगानं ते पाहा. दोन-तीन नॉट, म्हणजे ताशी चार ते साडेपाच किलोमीटर. वारीतला माणूस साधारण तेवढंच चालतो.

तुमच्या ट्रॉलीला काळी माती धरून ठेवते. दोन ट्रॉल्या मिळून वीस टन धरल्या, तर डांबरी रस्त्यावर अर्धा टन ओढ पुरते. ओल्या रानात त्याच ट्रॉल्यांना दोन टनही कमी पडतात. तरंगत्या जहाजाला असं धरणारं काही नसतं. पाण्याचा विरोध वेगाबरोबर वाढतो, आणि तो वर्गाच्या हिशेबानं : वेग दुप्पट केला की विरोध चौपट. म्हणून अगदी हळू जायची तयारी असेल, तर लहान एंजिनही मोठं धूड हलवतं. जुन्या टगची ओढ काढायचा ढोबळ नियम म्हणजे दर शंभर एचपीला एक टन. व्हिरिओची ओढ बारा-चौदा टन धरायला हरकत नाही. तीही जागेवर उभं राहून. चालू लागल्यावर त्यातली काही कमी होते.

यॉर्कटाउनची अडचण निव्वळ वजनाची नव्हती. ती एका बाजूला कलली होती, सुकाणू अडकलेलं होतं आणि तिचे चारही बंद पंखे पाण्यात आडवे येत होते. असं जहाज सरळ मागे येत नाही. ते बाजूला पळतं आणि टगलाही सोबत खेचतं.

व्हिरिओ मुळात टग नव्हतीच. ती १९१९ सालची सुरुंग काढणारी नौका, लांबी सुमारे १८८ फूट, एकच पंखा, वाफेचं एंजिन. सुरुंग काढताना जड वायरी पाण्यातून ओढाव्या लागतात. त्यामुळे दणकट विंच (वायर गुंडाळून ओढणारं यंत्र) आणि हळू चालत जोर लावणारं एंजिन तिच्यात आधीपासूनच होतं. या वर्गातल्या बऱ्याच नौका पुढे टग म्हणून वापरल्या गेल्या, त्याचं कारण हेच.

६ जूनला जपानी पाणबुडी आय-१६८ नं पाणतीर सोडले. यॉर्कटाउनला खेटून उभी असलेली विनाशिका ‘हॅमन’ काही मिनिटांत बुडाली. व्हिरिओनं गॅसकटरनं ओढीची वायर कापली आणि मागे वळून पाण्यातली माणसं उचलली. यॉर्कटाउन ७ जूनच्या सकाळी बुडाली.

ओढायचा दोर कशाचा असतो, किती लांब असतो, आणि तुटतो कशानं? आमच्याकडे मोटेचा नाडा नेहमी एकाच जागी झिजायचा. — निवृत्त शिक्षक, गेवराई

नाड्याचं निरीक्षण अगदी नेमकं आहे. टगचा दोरही तिथेच मरतो, जिथे तो कशावरून तरी वळतो.

पहिल्या महायुद्धापासून दुसऱ्यापर्यंत दोन पद्धती शेजारी शेजारी चालल्या. ब्रिटिश बचाव-टगांवर मनिला दोर, म्हणजे वनस्पतीच्या तंतूंचा दोर असे. त्याचा घेर अठरा इंच, म्हणजे जाडी सुमारे साडेचौदा सेंटिमीटर, जवळजवळ नारळाएवढी. एक नग १२० फॅदम, म्हणजे २२० मीटर. नवा असताना तो शंभर टनांच्या आसपास तुटे. कोरडाच तीन-चार टन भरे, आणि भिजल्यावर काय होई ते अंबाडीचा भिजलेला दोर उचललेल्यांना सांगायला नको. दुसरी पद्धत पोलादी वायरची. १९४० नंतर बांधलेल्या मोठ्या अमेरिकन टगांवर दोन इंच जाडीची २१०० फूट वायर असे, ती सव्वाशे टनांच्या वर टिके. मनिला ताणला जातो आणि झटका पोटात घेतो. वायर जवळपास ताणली जातच नाही, मग झटका कुठे जातो?

तो झोळात जातो. पाण्यात वायर सरळ नसते, मध्ये खोल लोंबते. दोन इंची वायरचं पाण्यातलं वजन मीटरला साडेआठ किलोच्या आसपास. ५५० मीटर वायर सोडली आणि ओढ १५ टन असली, तर झोळ २१-२२ मीटर येतो. ओढ ३० टन झाली की तो निम्मा होतो. लाटेनं जहाज मागे खेचलं की आधी झोळ उचलला जातो, आणि तेवढ्यात लाट निघून जाते. झोळ संपून वायर तारेसारखी ताठ झाली, की पुढचा धक्का सरळ पोलादावर बसतो. म्हणून वाऱ्यात वायर आणखी सोडायची, आवळायची नाही. नवख्याला हे उलटं वाटतं. उथळ पाण्यात मात्र हाच झोळ तळाला घासतो, खडकात अडकतो. बंदराजवळ आल्यावर वायर आखडून घेतात ती याचसाठी.

आता जोडणी. एंजिन बंद पडलेलं जहाज वाऱ्याला आडवं होऊन वाहत असतं. टगनं थोडं लांब थांबून आधी बघायचं की दोघांत जास्त वेगानं कोण वाहतंय. जहाज जास्त वाहत असेल, तर त्याच्या वाऱ्याआडच्या बाजूला जायचं नाही, ते अंगावर येतं. मग वाऱ्याकडून पुढच्या टोकाजवळ सरकून बारीक दोरी फेकायची, किंवा रॉकेटनं सोडायची. तिच्यामागून मनगटाएवढा दोर, त्याच्यामागून वायर. मेलेल्या जहाजावर वाफ नसते, म्हणजे तिथला विंच चालत नाही, आणि हातांनी वायर वर येत नाही. त्यावर युक्ती अशी : मधला दोर जहाजावरच्या कप्पीतून फिरवून पुन्हा टगवर आणायचा आणि टगच्याच विंचनं ओढायचा. वायर आपोआप जहाजावर चढते.

तिथे वायर खांबाला गुंडाळत नाहीत. नांगर सोडवून त्याची साखळी पन्नास-साठ मीटर बाहेर सोडतात आणि वायर तिच्या टोकाला जोडतात. नांगराची साखळी जहाजाच्या ज्या नळीतून बाहेर येते, तिथे घासते ती साखळी, वायर नाही. शिवाय साखळीच्या वजनानं झोळही वाढतो.

सुरुवात अगदी हळू. एंजिनचे फेरे थोडे थोडे वाढवत, पूर्ण जोर लावायला अर्धा तास गेला तरी चालेल. बहुतेक वायरी याच अर्ध्या तासात तुटतात.

मग येतो तुमचा नाडा. टगच्या पिछाडीच्या कठड्यावर वायर जिथे टेकते, तिथे लाकूड, जुनं कॅनव्हास आणि भरपूर चरबी. दर तास-दोन तासांनी हातभर वायर सोडायची, म्हणजे टेकण्याची जागा बदलते. जुनी वायर तपासताना वरचा गंज बघून निर्णय करू नये. लोखंडी सुळ्यानं पेड उघडायचे. आतून कोरडी तांबूस भुकटी पडली, तर ती वायर संपली, वरून ग्रीसनं कितीही चमकत असो. मनिलाचेही पेड उघडायचे. आतले धागे करडे पडले असतील, कुबट वास येत असेल आणि बोटांनी तुटत असतील, तर तो दोर नांगरणीलासुद्धा वापरू नका.

आणखी एक बारकावा. पुढची टग आणि मागचं जहाज एकाच वेळी लाटेवर चढली पाहिजेत. एक चढतेय आणि दुसरं उतरतंय असं झालं, की दर लाटेला हिसका बसतो. यासाठी वायर थोडी थोडी सोडून जुळेपर्यंत लांबी बदलत राहायचं.

उतारावर ट्रॉलीनं ट्रॅक्टर उलटवल्याचं आम्ही पाहिलं आहे. टगचंही तसं होतं का? — मेकॅनिक, मानवत

होतं, पण आडवं. ट्रॅक्टरचा हूक मागच्या ॲक्सलपेक्षा वर बांधला तर पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. टगवर हूक अगदी मागे नसतो, मधल्या भागाच्या थोडासा मागे असतो. तो टोकाला असता तर दोरानं पिछाडी पकडून ठेवली असती, टगला वळताच आलं नसतं. मध्याजवळ असल्यानं ती हूकभोवती फिरते. पण याची किंमत मोजावी लागते. मागचं जहाज टगच्या पुढे किंवा बाजूला सरकलं, की दोर काटकोनात येतो आणि टगला आडवी ओढतो. कठडा पाण्यात जातो, उघड्या दारातून पाणी एंजिनखोलीत शिरतं, आणि टग उलटते. हे सगळं मिनिटाच्या आत होऊ शकतं.

बचाव तीन प्रकारचा. पिछाडीजवळ दोराला खाली दाबून धरणारी एक आखूड दोरी बांधायची, म्हणजे ओढ मध्यातून न होता मागून होते. हूक एका झटक्यात सुटणारा हवा, आणि तो ताण असतानाही सुटतो का हे निघण्यापूर्वी करून बघायचं. रंगाचे थर बसून अडकलेले हूक भरपूर असतात. आणि ओढताना डेकवरची दारं बंद. उकाड्यात एंजिनखोलीचं दार उघडं ठेवायचा मोह होतो, तो टाळायचा.

‘टग’ आणि आपला ‘टग्या’ यांचं काही नातं? — उदगीर

नाही. इंग्रजीत टग म्हणजे ओढणे, त्यावरून नाव आलं. आणि ही टग रिकामटेकडी कधीच नसते.

युद्धात नव्या नौका बांधत असताना नौदलाला जुन्या टग कशाला लागल्या? आणखी काही नावं सांगाल? — विद्यार्थी, नांदेड

कारण टग बांधायलाही गोदी लागते, आणि गोदीत आधी नंबर विनाशिकांचा. जुनी टग आजच कामाला लागते. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा नौदलानं कोळशाचे बार्ज (एंजिन नसलेल्या सपाट मालवाहू बोटी) ओढणाऱ्या खासगी टग विकत घेतल्या. मेरीलँडमधल्या स्पॅरोज पॉइंटला १९०५ मध्ये बांधलेली ‘मोनोकसी’ अशीच आली आणि ‘जेनेसी’ झाली. पहिल्या युद्धात ती आयर्लंडच्या क्वीन्सटाउनला होती. दुसऱ्या युद्धात फिलिपिन्सला. ५ मे १९४२ रोजी तिथल्याच कोरेगिडोर बेटाजवळ शत्रूच्या हाती पडू नये म्हणून तिच्याच लोकांनी तिला बुडवलं. जपान्यांनी ती वर काढली, ‘गस्ती नौका १०७’ असं नाव देऊन चालवली, आणि ५ नोव्हेंबर १९४४ ला अमेरिकन विमानांनी पुन्हा बुडवली. चाळिशीला आलेली ही टग दोन्ही बाजूंना कामाची वाटली, यातच काय ते आलं.

‘सोनोमा’ १९१२ ची. न्यू गिनीच्या बाजूला राबली आणि २४ ऑक्टोबर १९४४ ला फिलिपिन्समधल्या लेटेच्या आखातात पेटलेलं जपानी विमान आदळून बुडाली. त्या वेळी ती एका मालवाहू जहाजाला लागून उभी होती.

ब्रिटिशांकडे पहिल्या युद्धाच्या शेवटी बांधलेल्या ‘सेंट’ वर्गाच्या टग होत्या : १३५ फूट, १२५० एचपी. त्यातल्या ‘सेंट ॲब्ज’ आणि ‘सेंट फेगन’ १ जून १९४० ला फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कला एकाच दिवशी बुडाल्या. ब्रिटिश बचाव-टगांवरची बहुतेक माणसं व्यापारी जहाजांवरचीच होती. टी.१२४टी नावाच्या करारावर सही करून ती नौदलाच्या शिस्तीखाली येत, काम मात्र आधीचंच. तोफा, मशिनगन बसवल्या जात, पण टगचं हत्यार दोरच. अपवाद म्हणून सांगायचं तर ‘सीमन’ या टगनं जानेवारी १९४१ मध्ये कोंडोर जातीचं चार एंजिनांचं जर्मन विमान पाडलं होतं.

व्हिरिओचं पुढे काय झालं, हेही बऱ्याच जणांनी विचारलं आहे. ऑक्टोबर १९४२ मध्ये ती पॅसिफिकमधल्या ग्वाडलकनाल बेटाकडे पेट्रोलचा बार्ज ओढत निघाली. जपानी जहाजं येत असल्याची खबर आली. तिचा वेग पाहता पळणं शक्य नव्हतं, म्हणून विनाशिका ‘मेरेडिथ’नं तिची माणसं काढून घेतली आणि टग स्वतःच बुडवायची तयारी केली. तेवढ्यात ‘झुइकाकू’ या जपानी विमानवाहू नौकेची विमानं आली. मेरेडिथ काही मिनिटांत बुडाली, आणि रिकामी व्हिरिओ तशीच तरंगत राहिली. वाचलेल्यांतले काही तराफ्यावरून तिच्यापर्यंत पोचले. पुढे ती परत ताब्यात घेण्यात आली.

वाफेच्या टगला कोळसा आणि पाणी किती लागायचं? — साखर कारखान्यातील बॉयलर अटेंडंट, अंबाजोगाई

तुम्हाला हिशेब पटकन कळेल. हजार एचपीचं तिहेरी प्रसरणाचं (तीच वाफ एकामागून एक तीन सिलिंडरांत वापरणारं) एंजिन दर एचपीला ताशी सुमारे ०.८ किलो कोळसा खातं. ताशी ८०० किलो, दिवसाला १९ टन. चार तासांच्या एका पाळीत तीन टनांवर कोळसा फावड्यानं, तोही डुलणाऱ्या जमिनीवर. राख दिवसाला दोन-अडीच टन निघते, ती बादल्यांनी वर नेऊन समुद्रात. बंकरमध्ये, म्हणजे कोळशाच्या कोठारात, दोनशे टन असतील तर दहा दिवस. ओढताना वेग पाच नॉट धरला, तर दहा दिवसांत १२०० सागरी मैल. त्यातही उलट वाऱ्यासाठी पाचवा हिस्सा राखून ठेवायचा.

वाफ ताशी सात टन. ती कंडेन्सरमध्ये पाणी होऊन परत येते, पण गळतीत दोन-तीन टक्के जातात, म्हणजे दिवसाला साडेतीन ते पाच टन गोडं पाणी. खरा धोका कंडेन्सरच्या नळ्या. एक नळी चिरली की समुद्राचं पाणी बॉयलरमध्ये. बोअरचं पाणी उकळलेल्या पातेल्याला पांढरा थर बसतो, तसा थर भट्टीच्या छतावर बसतो. मग पाणी पत्र्याला थंड ठेवू शकत नाही, पत्रा लाल होऊन खाली झुकतो. म्हणून पाण्याचा खारटपणा दर पाळीला मोजायचा. वाढला तर थोडं पाणी बाहेर सोडून गोडं घ्यायचं, आणि गळकी नळी शोधून दोन्ही टोकांना लाकडी गुटके ठोकायचे. नळी बदलणं बंदरात.

‘कोनेस्टोगा’ ही टग १९२१ मध्ये ५६ माणसांसह नाहीशी झाली असं वाचलं. ती सापडली का? — हिंगोली

सापडली. १९०४ ची ही टगही स्पॅरोज पॉइंटचीच, लांबी १७० फूट. नौदलानं १९१७ मध्ये घेतली. युद्धात ताफ्यांबरोबर आणि अझोर्स बेटांवरच्या तळावर काम केलं. २५ मार्च १९२१ ला ती कॅलिफोर्नियाच्या मेअर आयलंडहून पर्ल हार्बरकडे, पुढे सामोआला जायला निघाली. नंतर दुसऱ्या जहाजामार्फत एक तुटक संदेश आला : वादळाशी झुंजतेय, मागचा बार्ज तुटून गेला. मे महिन्यात मेक्सिकोच्या किनाऱ्यापुढे ‘सी’ अक्षर असलेली एक रिकामी होडी मिळाली, आणि सगळा शोध भलतीकडेच वळला.

२००९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरच्या फॅरलॉन बेटांजवळच्या सर्वेक्षणात एक अनोळखी बुडालेली बोट दिसली. पुढच्या काही वर्षांत कॅमेरा उतरवून पाहणी झाली. डेकवर तीन इंची तोफ दिसल्यावर ओळख पटली. मार्च २०१६ मध्ये जाहीर झालं. निघाल्या जागेपासून फार दूर नाही, साउथईस्ट फॅरलॉन बेटापासून अवघे तीन मैल, १८९ फूट खोल. जागेवरून दिसतं की ती बेटाच्या आडोशाला वळत होती.

अशा टग बुडायची रीत साधारण ठरलेली. पिछाडी पाण्यापासून फार उंच नसते, लाटा डेकवर चढतात, बंकरच्या झाकणातून पाणी आत झिरपतं. तळाच्या पाण्यात कोळशाची भुकटी मिसळते, ती पंपाची चाळणी बुजवते. चाळणी साफ करायला माणूस कमरेएवढ्या पाण्यात उतरतो. पाणी भट्टीच्या जाळीपर्यंत चढलं की आग विझते, वाफ जाते, आणि वाफेवर चालणारा पंपही थांबतो. म्हणून चाळणीकडे पाणी घोट्याएवढं असतानाच बघायचं असतं.

आपल्या नौदलानं युद्धात असं ओढकाम केलं आहे का? — माजी सैनिक, लोहारा (जि. धाराशिव)

केलं आहे, आणि तेही गाजलेल्या मोहिमेत. १९७१ मध्ये सोव्हिएत युनियनकडून आलेल्या क्षेपणास्त्र नौका कलकत्त्याला उतरवाव्या लागल्या, कारण त्यांचं वजन पेलणारी क्रेन मुंबईत नव्हती. तिथून त्या दोरावर बांधून, दक्षिणेला वळसा घालत मुंबईत आणल्या. या नौकांचा पल्ला कमी. पण त्या ओढून नेता येतात हे या प्रवासात सिद्ध झालं होतं. त्यामुळे ४ डिसेंबरच्या कराची हल्ल्यात ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ यांना काही अंतर मोठ्या नौकांनी ओढत नेलं. इंधन वाचलं ते हल्ला करून परत यायला. त्या वेळी ओढणाऱ्या टग नव्हत्या, युद्धनौका होत्या. दोर आणि झोळाचा हिशेब मात्र वर सांगितला तोच.